फक्त पाच मिनिटं, शाक्रो काकांकडे

लामारा जॉर्जियात, तिबिलिसीतल्या एका तळघरातल्या बेकरीत काम करते. तिथला तंदूर विहिरीसारखा खोल आहे. पाव आतल्या भिंतीला चिकटवायचा तर कमरेपासून वरचं सगळं अंग आत झोकून द्यावं लागतं, पाय अधांतरी. लग्नाच्या आधीपासून ती हेच करते आहे. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत चटक्यांच्या खुणा आहेत आणि कंबर सकाळी उठताना रोज कुरकुरते. बेकरीची खिडकी फुटपाथला लागून असल्यामुळे तिला गिऱ्हाइकांचे बूट दिसतात आणि गिऱ्हाइकांना तिचे हात. अर्धा मोहल्ला तिला बुटांवरून ओळखता येतो. आपल्या नवऱ्याचे बूट मात्र तिला नेहमी दाराबाहेर निघालेलेच दिसतात.

नवरा वाझा लिफ्ट दुरुस्त करतो. माणूस वाईट नाही. पीत नाही असं काखेतीच्या, म्हणजे द्राक्षमळ्यांच्या मुलखातल्या माणसाबद्दल कुणी म्हणणार नाही, पण बेताने पितो, पोरांवर हात उचलत नाही, पगार घरी आणतो. खोड एकच. अवघड विषय निघाला की याला कुठेतरी काहीतरी मोडलेलं आठवतं. लामारा म्हणणार, "वाझा, जरा बस, बोलायचंय," आणि वाझा पाना शोधायला उठणार. लग्नाला नऊ वर्षं झाली. घरातला एकही नळ गळत नाही आणि एकही गोष्ट बोलून झालेली नाही.

आणि आता बोलणं भागच होतं. बेकरीची इमारत पाडणार होते. वाझाची चुलती एतेरी काकू इटलीत बारी नावाच्या शहरात एका म्हातारीला सांभाळतात. त्यांनी फोन करून सांगितलं होतं, "शेजारच्याच इमारतीतल्या आजींना बाई हवीय. तुझं नाव सांगितलंय. रविवार संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळव, मग ते दुसरी बघतील." लामाराने त्यांना शपथ घातली होती की हे कुणाकडेही बोलायचं नाही, आधी वाझाशी मी बोलेन.

म्हणून ही सुट्टी. काखेतीतच, अलाझानी नदीच्या खोऱ्यात, द्राक्षमळ्यांच्या वरच्या अंगाला एक लॉज होता, सज्ज्यातून सगळं खोरं दिसतं म्हणे, आणि पोरांसाठी छोटा पोहण्याचा तलाव. पोरं पाण्यात, आपण दोघं सज्ज्यात, मध्ये एक थंड सुरई, आणि त्या चार भिंतींत मोडलेलं काहीही नाही. लामाराने तीन आठवडे हे चित्र डोळ्यांपुढे ठेवून पाव भाजले. तिला वाझाची परवानगी नको होती. त्याने "जाऊ नकोस" म्हणावं, नाहीतर "जा, घर मी बघतो" म्हणावं. काहीतरी म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

शनिवारी सकाळी निघाले. सात वर्षांची लिले घरूनच पोहण्याची गुलाबी हवेची रिंग कमरेला चढवून गाडीत बसली. पट्टा लागेना, तरी काढेना. तीन वर्षांचा गेगी घाटात दोनदा ओकला. घाट उतरल्यावर लामाराने सुरुवात केली, "वाझा, एक सांगायचं होतं."

"सांग की," वाझा म्हणाला आणि पुढच्याच वळणावर त्याने गाडी हळू केली. "अगं, हे बघ, शाक्रो काकांच्या गावाचा फाटा. पाच मिनिटं डोकावू. फक्त पाच मिनिटं. जवळून गेलो आणि भेटलो नाही हे कळलं तर काका जन्मभर बोलून दाखवतील."

ऑक्टोबरचा पहिला आठवडा, द्राक्षतोडणीचे दिवस, आणि काखेतीतल्या काकाच्या दारात पाच मिनिटं! हे वाक्य आमच्याकडे फक्त आमच्याकडचाच माणूस बोलू शकतो, आणि तेही अगदी मनापासून. दरवर्षी कोणी ना कोणी बोलतो आणि दरवर्षी त्याच्या हातात द्राक्षं कापायची कात्री येते.

फाटकापाशी गाडी थांबायच्या आत शाक्रो काका दोन्ही हात पसरून रस्त्यात उभे. काका म्हणजे एतेरी काकूंचे यजमान. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा, पंचक्रोशीतल्या प्रत्येक मेजवानीचे तमादा तेच. तमादा म्हणजे जेवणाचा धनी. कुणाच्या नावाने प्याला उचलायचा, कोण बोलणार, किती वेळ बोलणार, सगळं त्याच्या हातात.

"आला का रे चोरा!" काकांनी वाझाचे दोन्ही गाल चुंबले. "आणि सूनबाई, किती वाळलीस! तुझा तो तंदूर तुलाच भाजतोय की काय?"

"काका, आम्ही फक्त—"

"फक्त काय? झाझा, बॅगा उतरव!" काकांच्या मुलाने बॅगा उतरवल्याही. "लॉज? लॉज कसला? माझं घर काय पडलंय? सख्ख्या पुतण्याने लॉजात झोपायचं आणि गावाने मला विचारायचं, शाक्रो, तुझ्या घरी चादरी नाहीत का?"

लामाराने वाझाकडे पाहिलं. वाझाने जमिनीकडे पाहिलं. तेवढ्यात मागच्या अंगणातून खर्र खर्र असा आवाज आला आणि झाझा ओरडला, "बाबा, चरख्याची मोटर पुन्हा बसली!"

वाझाचा चेहरा असा उजळला की लामाराला त्याच्या डोक्यात सुरई घालावीशी वाटली. "बघतो जरा," तो म्हणाला आणि बाह्या सारत गेला. द्राक्षं भरडायच्या त्या चरख्याने दिवसभर त्याला सोडलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यानेही चरख्याला सोडलं नाही.

लामाराच्या वाट्याला मळा आला. वाकायचं, कापायचं, बादली भरायची, पुन्हा वाकायचं. कमरेच्या विश्रांतीसाठी निघालेली बाई सूर्य माथ्यावर येईपर्यंत वेलीखाली ओणवी होती. शेजारच्या रांगेत शाक्रो काकांची बहीण नोरा आत्या कापता कापता गात होती आणि मध्येच टोमणे मारत होती. "शहरातल्या बायकांचं एक बरं असतं बाई, त्यांना दमायला काम लागत नाही."

"आत्या, मी पहाटे चारला उठते."

"उठत असशील. उठून काय, पावच ना? पाव आपला आपण फुगतो."

लामाराने कात्री एवढ्या जोरात चालवली की घड लांब उडाला. दुपारी ती भाकरतुकडा घेऊन मुद्दाम चरख्यापाशी गेली. वाझा पाठीवर पडून मोटरच्या पोटात हात घालून होता. "वाझा, आता तरी ऐकशील? एतेरी काकूंनी मला..."

"बारा नंबरचा पाना दे ना. तो नाही, त्याच्या शेजारचा."

तिने पाना दिला. काय करणार? पुढचं वाक्य ओठांवर होतं तोच लिले किंचाळत आली. गेगी द्राक्षांनी भरलेल्या लाकडी कोटंब्यात उतरला होता. आमच्याकडे पोरांना पाय धुऊन द्राक्षं तुडवायला उतरवतातच, पण हा बुटांसकट उतरला होता आणि ओंजळीने रस पीत होता. ताज्या रसाने पोटाचं काय होतं ते काखेतीतल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. त्यानंतरची दुपार, संध्याकाळ आणि सगळी रात्र लामाराने गेगीच्या चड्ड्या धुण्यात घालवली. लिलेने रिंग काढली नाही. "तलाव कुठंय?" ती दर थोड्या वेळाने विचारायची आणि प्रत्येकजण तिला म्हणायचा, "उद्या." लॉजवाल्या बाईचा फोन आला तेव्हा लामाराचे हात साबणात होते. खोली दुसऱ्याला देऊन टाका, ती म्हणाली, आणि मग अंगणातल्या नळाखाली उभी राहून रडली. दुःखाने नाही. रागाने. रागाने रडायला तिला एकांत मिळाला, एवढीच त्या सहलीतली सोय.

रविवारी दुपारी रस रांजणांत उतरला. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले ते रांजण भरले, चरखा धुऊन झाला आणि अक्रोडाच्या झाडाखाली मेज मांडलं गेलं. वेलीच्या काटक्यांवर भाजलेलं मांस, अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी, चीज, कोथिंबिरीच्या जुड्या, आणि लामाराने स्वतः भाजलेला पाव, कारण नोरा आत्याला अचानक आठवलं होतं की सूनबाईला पाव येतो.

मेजाच्या मधोमध, सुरईला टेकवून, एतेरी काकू बसवल्या. म्हणजे त्यांचा फोन. दर रविवारी असंच. पडद्यावर काकूंचं रुंद, हसरं तोंड, पाठीमागे परक्या स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या फरशा.

"सगळे दिसताय हं!" काकू म्हणाल्या. "अगंबाई, लामारा पण? काय गं, मग ते..."

"काकू, तब्येत कशी?" लामारा एवढ्या मोठ्याने ओरडली की ओमारी शेजाऱ्याच्या हातातलं वांगं पडलं. काकूंना कळलं, त्यांनी ओठ आवळून घेतले. पण डोळ्यांनी त्या विचारतच होत्या आणि सूर्य झाडाच्या पलीकडे कलत होता.

शाक्रो काका उठले. पहिला प्याला देवाच्या नावाने, दुसरा मळ्याच्या, तिसरा गेलेल्यांच्या, मग पोरांच्या. प्रत्येक प्याल्याला काकांचं भाषण, भाषणाला उपभाषण. आमच्या मेजाचा नियम असा की तमादा बोलत असताना उठायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, आणि एकदा नाव घेतलं की प्याला तळापर्यंत जायलाच हवा. एकाचाही राहिला तर पुढचं नाव घेता येत नाही. लामारा गेगीला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी वाझा. दोन दिवसांत पहिल्यांदा तो तिच्या शेजारी बसला होता आणि आता बोलायची बंदी होती!

ओमारीने मांसाची थाळी सरकवली. थाळीचा धक्का सुरईला लागला, फोन घसरला आणि काकू तोंडघशी वांग्यांत पडल्या. लामारा वाट पाहत होती की कुणीतरी उचलेल. कुणी उचललं नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. तिच्याही हातात झोपलेलं पोर होतं. उद्या मी तिथे असेन, त्या वांग्यांत, तिच्या मनात आलं.

आणि नेमके त्याच वेळी शाक्रो काका वाइनने भरलेलं शिंग हातात घेऊन म्हणाले, "आता त्यांच्या नावाने, ज्या आपल्यात नाहीत. समुद्रापलीकडे आहेत. आपल्या लेकी, आपल्या बायका. परक्यांच्या म्हाताऱ्या माणसांना न्हाऊ-माखू घालतात आणि आपली पोरं फोनवर झोपवतात. या घराचा खांब तिकडे आहे, मित्रांनो, आणि छप्पर इकडे!" त्यांचा आवाज दाटला. काकांचा आवाज दर रविवारी याच जागी दाटतो, आणि तो खोटा नसतो, हीच तर पंचाईत आहे. "नऊ वर्षं! एतेरीच्या नावाने! आणि अलावेर्दी माझ्या सुनेला. लामारा, माझ्या एतेरीची तू लाडकी. पुढचं तू बोल."

अलावेर्दी मिळाली की नाकारता येत नाही. तमादाने आपला शब्द उचलून तुमच्या हातात ठेवलेला असतो. त्याच विषयावर बोलायचं आणि तुमचं होईपर्यंत सगळ्यांनी गप्प ऐकायचं. लामाराने गेगीला नोरा आत्याच्या मांडीवर टाकलं आणि ती उभी राहिली. तिने वाझाकडे पाहिलं. उठता येत नाही, पाना मागता येत नाही, चरखा धुऊन झाकून ठेवलेला. तिला एकदम कळलं की अख्ख्या जॉर्जियात या माणसाला गाठायची जागा हीच.

"त्यांच्या नावाने, ज्या तिकडे आहेत," ती म्हणाली. "आणि ज्या जाणार आहेत. मलाही जागा आलीय. एतेरी काकूंच्या शेजारच्या इमारतीत. आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय. मी तीन आठवडे नवऱ्याला सांगायचा प्रयत्न करतेय, तर आता सगळ्यांसमोर सांगते."

"गौमार्जोस!" मेज एका सुरात गरजलं, आणि सगळ्यांनी प्याले तोंडाला लावले. सवयच तशी. तळाशी पोचल्यावर एकेकाला उमगायला लागलं की आपण कशाला जय म्हटलं. ओमारीला ठसका लागला.

वाझाचा प्याला मेजावर होता. भरलेला.

"पी रे," शाक्रो काका हळूच म्हणाले. "नाव घेतलंय."

"नाही पिणार."

"वाझा, मेज अडलंय."

"अडू दे." तो लामाराकडे वळला. कान लाल झाले होते. "तीन आठवडे? आणि मला सांगितलं नाहीस?"

मग मात्र लामाराचा बांध फुटला. "सांगितलं नाही? घाटाखाली सांगत होते तर तुला काकांचा फाटा दिसला! चरख्यापाशी सांगत होते तर तुला बारा नंबर हवा होता! घरी सांगावं तर नळ, जिन्यात सांगावं तर दिवा! बायको सोडून सगळं दुरुस्त करतोस तू! मला एक सज्जा हवा होता रे, एक सज्जा आणि तू, आणि मी दोन दिवस तुझ्या काकांची द्राक्षं कापतेय आणि पोराच्या चड्ड्या धुतेय!"

"सूनबाई, मेजावर चड्ड्या..." नोरा आत्या म्हणाली.

"आत्या, तुम्ही गप्प बसा!"

तेवढ्यात वांग्यांतून बारीक आवाज आला. "अरे, मला कुणी सरळ करेल का?"

वाझानेच हात लांब केला. त्याने फोन उचलला, शर्टाच्या बाहीने पडद्यावरचं अक्रोडाचं वाटण पुसलं, कोपऱ्यातलं नखाने काढलं. हात कामाला लागले की त्याला बोलता येतं, हे लामाराला नऊ वर्षांत सुचलं नव्हतं. पुसता पुसता तो म्हणाला, "काकू, तिथे बरं आहे का?"

काकूंचं तोंड हसतं तसंच राहिलं. हा प्रश्न त्या मेजाने त्यांना कधी विचारला नव्हता. प्याले उचलले होते, भाषणं केली होती, औषधं मागवली होती.

"बरं म्हणजे," काकू म्हणाल्या, "म्हातारी चांगली आहे. रात्री उठवते, पण चांगली आहे. रविवारी दुपारी मला सुट्टी असते."

"मग सुट्टीत काय करता?"

"हेच की. तुम्हाला फोन लावते. तुम्ही जेवता, मी बघते."

वाझाने फोन सुरईला नीट टेकवला, पडू नये म्हणून मागे पावाचा तुकडा लावला. मग खाली बघतच म्हणाला, "जाऊ नकोस. बेकरी जाईल तर जाईल, मी लिफ्टांच्या रात्रपाळ्या घेतो, तू दुसरा तंदूर बघ. लिलेच्या वेण्या मला येत नाहीत. आणि तू... म्हणजे, जाऊ नकोस."

एवढंच! या एवढ्याशा बोलण्यासाठी दोन दिवस आणि एक लॉज आणि एक कंबर गेली. लामाराला रडू येत होतं आणि त्याला दोन थोबाडीत द्याव्याशाही वाटत होत्या. तिने दोन्ही आवरलं आणि पडद्याकडे वळली.

"काकू, त्यांना माझं नाही म्हणून सांगा."

"बरं केलंस," काकू लगेच म्हणाल्या. "अगदी बरं केलंस पोरी. त्यांना काय, दुसरी मिळेल." मग त्या पडद्याबाहेर कुठेतरी बघायला लागल्या. "मीच मुद्दाम शेजारची इमारत बघितली होती. म्हटलं, रविवारी दोघी जणी समुद्रावर जाऊ. नऊ वर्षं झाली, अजून नीट बघितला नाही. एकटीने काय बघायचा?"

लामाराला तोंड कुठे लपवावं ते कळेना. त्या जागेतून काकूंना स्वतःला काय हवं असेल, हे तिच्याही मनात तीन आठवड्यांत एकदा आलं नव्हतं.

शाक्रो काकांना हे सोसवेना. त्यांनी शिंग पुन्हा भरून उचललं. डोळे पाणावले होते. "तर मित्रांनो, माझ्या एतेरीच्या नावाने—"

"काका, पुरे!" लामारा ओरडली. तमादाला कुणी मध्ये तोडत नाही. त्या अंगणात असं कुणी केलेलं कुणाला आठवत नव्हतं. "त्यांच्या नावाने पुष्कळ पिऊन झालं. आता त्यांच्याशी बोला."

तिने फोन उचलून त्यांच्या हातात कोंबला. पंचक्रोशीचा तमादा शिंग खाली ठेवून, फोन दोन्ही हातांत धरून उभा राहिला. देवावर, मळ्यावर, मेलेल्यांवर तासन्‌तास बोलणारा माणूस बायकोच्या तोंडाकडे नुसता बघत होता. पलीकडून काकूही बघत होत्या.

मग काकांनी विचारलं, "जेवलीस का?"